कर्णावर धावणारा रेफरी: सर स्टॅन्ली राउस

आजच्या भागाची सुरुवात कोल्हापुरातून करतो, कारण या माणसाची आणि माझी पहिली भेट तिथेच झाली. भेट म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. तो तेव्हा हयात नव्हता आणि त्याचं नावही मी ऐकलं नव्हतं.

कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे तालमींचा खेळ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ अशी पेठांतली मंडळं शाहू स्टेडियमवर भिडतात आणि मॅचच्या दिवशी पेठेत दुसरा विषय नसतो. मी मात्र खेळाडूंपेक्षा रेफ्रीकडेच जास्त बघायचो, कारण आमच्या गल्लीतले एक काका रेफ्री होते. घरी लुंगी-बनियनवर दिसणारा माणूस काळ्या ड्रेसमध्ये एवढा वेगळा कसा दिसतो, याचं मला नवल वाटायचं. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही असं तिरकं का पळता?"

"सरळ पळालो तर निम्मं मैदान माझ्या पाठीमागं जातंय," ते म्हणाले. "कोपऱ्यातनं कोपऱ्यात पळायचं. म्हंजे बॉल कायम माझ्या आणि लाइनमनच्या मधी राहतोय."

"पण हे कुणी ठरवलं?"

"वरनं आलंय."

हे 'वरनं' म्हणजे कुठनं, ते कळायला मला पुढची पंचवीस वर्षं लागली. ते आलं होतं लंडनहून, स्टॅन्ली राउस नावाच्या एका शाळामास्तराकडून.

काकांचं आणखी एक वाक्य सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. एका मॅचनंतर स्टेडियमबाहेर दोन्हीकडच्या पोरांची जुंपली. मी काकांना म्हटलं, तुम्ही थांबवलं का नाही? ते म्हणाले, "गेटाच्या भाईर माझी शिट्टी चालत न्हाई."

तर स्टॅन्ली राउस. जन्म १८९५, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडच्या सफोक परगण्यातलं मटफर्ड हे खेडं. वडील किराणा व्यापारी. पोरगा उंच, धिप्पाड, गोलकीपर म्हणून बरा खेळायचा. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता, इजिप्त-पॅलेस्टाइनकडे जाऊन आला. मनगटाच्या दुखापतीमुळे गोलकीपिंग संपलं. मग एक्सेटरला शिक्षकाचं प्रशिक्षण घेऊन वॉटफर्डच्या ग्रामर स्कूलमध्ये खेळाचा मास्तर झाला आणि सुट्टीच्या दिवशी शिट्टी घेऊन मैदानात उतरू लागला. १९२७ साली अँटवर्पमध्ये बेल्जियम-नेदरलँड्स ही त्याची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच. पुढच्या सात वर्षांत अशा तीसहून जास्त मॅचेस त्याने घेतल्या. सोमवार ते शुक्रवार पोरांना कवायत आणि शनिवारी-रविवारी युरोप, असं त्याचं चाललं होतं.

तेव्हा रेफरीने मैदानात कुठून धावायचं याची पक्की रीत नव्हती. राउसने ती घालून दिली. एक लाइन्समन या बाजूच्या रेषेवर, पण त्याने अर्धंच मैदान सांभाळायचं. दुसरा समोरच्या रेषेवर, त्याने दुसरं अर्धं. रेफरीने या दोघांपासून लांब पडणाऱ्या दोन कोपऱ्यांच्या दिशेने, म्हणजे मैदानाच्या कर्णावर, ये-जा करायची. वहीत आयत काढून बघा, लगेच कळेल. खेळ कुठेही असो, त्याच्या एका बाजूला रेफरी आणि दुसऱ्या बाजूला लाइन्समन. चेंडू दोन नजरांच्या मध्ये. भूमितीचा इतका उपयोगी धडा आमच्या गणिताच्या सरांनी कधी दिला नाही.

२८ एप्रिल १९३४ ला वेम्बलीवर एफए कपची फायनल झाली, मँचेस्टर सिटी विरुद्ध पोर्ट्समथ. नव्वद हजारांवर प्रेक्षक आणि शिट्टी राउसकडे. इंग्लिश रेफरीला देशात याहून मोठा मान नाही. सिटीकडून तेव्हा खेळत होता मॅट बझ्बी, तोच पुढचा मँचेस्टर युनायटेडचा थोर मॅनेजर. सिटीने २-१ ने मॅच काढली. सिटीचा गोलकीपर फ्रँक स्विफ्ट अवघा वीस वर्षांचा होता. गोलमागे बसलेले फोटोग्राफर त्याला किती मिनिटं उरली ते सांगत होते. राउसने शेवटची शिट्टी वाजवली आणि ते पोरगं चक्कर येऊन तिथेच आडवं झालं. ताण म्हणजे काय, ते ज्याने गोलमध्ये उभं राहून शेवटची पाच मिनिटं मोजली आहेत त्यालाच ठाऊक.

त्याच वर्षी राउस इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा सेक्रेटरी झाला. त्याच्या आधीचे सर फ्रेडरिक वॉल १८९५ पासून त्या खुर्चीवर होते. म्हणजे राउस जन्मला त्या वर्षापासून!

आता १९३८ हे साल बघा. या एका वर्षात राउसची दोन्ही रूपं दिसतात.

पहिलं रूप असं. फुटबॉलचे नियम १८६३ पासून चालत आलेले. दरवर्षी कुणीतरी एखादी ओळ घालायचं, एखादी खोडायचं. ठिगळांवर ठिगळं. राउसने ते सगळे उसवले आणि सतरा नियमांत नव्याने शिवले. मैदान, चेंडू, खेळाडूंची संख्या, रेफरी, ऑफसाइड, फाउल, असं ओळीने. त्यानंतर नियमांचं मोठं पुनर्लेखन व्हायला १९९७ उजाडलं, आणि तेव्हाही नियम सतराच राहिले. सुट्टीच्या दिवशी खेळणारी पोरं असोत की वर्ल्ड कप, नियमांचा जो सांगाडा सगळं जग वापरतं, तो या मास्तराच्या हातचा आहे. माझ्या मते ही त्याची सगळ्यात टिकाऊ कामगिरी, आणि तीच लोकांना सगळ्यात कमी माहीत आहे.

दुसरं रूप बर्लिनचं. १४ मे १९३८, ऑलिंपिक स्टेडियम, जर्मनी विरुद्ध इंग्लंड. हिटलरने ऑस्ट्रिया गिळून जेमतेम दोन महिने झाले होते. जर्मन राष्ट्रगीताच्या वेळी इंग्लंडच्या खेळाडूंनी नाझी सलामी द्यावी का, असा प्रश्न आला. ब्रिटिश राजदूत नेव्हिल हेंडरसन यांच्याशी राउसचं बोलणं झालं आणि सलामी द्यायचं ठरलं. यजमानांच्या रीतीचा मान राखायचा, प्रेक्षक खूश होतील, मॅच खेळीमेळीत होईल, असा हिशेब. खेळाडूंना ते रुचलं नव्हतं. कॅप्टन एडी हॅपगुडने पुढे आपल्या आठवणींत तसं लिहिलं. पण अकराही जणांनी हात वर केले. फोटो आहे, शोधलात तर सापडेल. इंग्लंडने मॅच ६-३ ने जिंकली. आज तो स्कोअर कुणाला आठवत नाही, फोटो आठवतो.

राउस नाझींचा चाहता होता असं कृपा करून समजू नका. तसं अजिबात नव्हतं. तो रेफरीसारखा विचार करत होता. आपलं काम मॅच नीट पार पाडणं. प्रेक्षकांत कोण बसलंय आणि बाहेर रस्त्यावर काय चाललंय, ते आपल्या रेषेत येत नाही.

पुढची वीस वर्षं पटापट सांगतो, कारण ती यशाची आहेत आणि यश सांगायला वेळ लागत नाही. महायुद्धात त्याने खेळांच्या जगातून रेडक्रॉससाठी निधी उभा केला. १९४६ मध्ये इंग्लंडला फिफात परत आणलं. १९२८ साली ब्रिटिश संघटना भांडून बाहेर पडल्या होत्या. दुसऱ्या वर्षी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर ग्रेट ब्रिटन विरुद्ध उरलेला युरोप अशी मॅच लावली आणि तिचं उत्पन्न युद्धाने खंगलेल्या फिफाला दिलं. वॉल्टर विंटरबॉटमला आणून प्रशिक्षकांचे वर्ग सुरू केले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या आयोजनात राबला, त्याबद्दल १९४९ मध्ये 'सर' झाला. याच ऑलिंपिकमध्ये आपली टीम इलफर्डच्या मैदानावर फ्रान्सशी खेळली, बहुतेक जण अनवाणी. दोन पेनल्टी हुकल्या आणि शेवटच्या क्षणी २-१ ने हरलो. (१९५० च्या वर्ल्ड कपला आपण का गेलो नाही, हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. तो स्वतंत्र भाग आहे. करणार आहे, धीर धरा.)

सप्टेंबर १९६१ मध्ये वयाच्या सहासष्टाव्या वर्षी राउस फिफाचा अध्यक्ष झाला. फिफा तेव्हा आजच्यासारखी काचेच्या महालात राहत नव्हती. ज्यूरिखमध्ये एक छोटं ऑफिस, मोजकी माणसं. पण जग मोठं होत होतं. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते आणि प्रत्येक नवा देश फिफाचा सभासद होत होता. फिफाच्या घटनेत मोठा-लहान भेद नाही, इंग्लंडला एक मत आणि घानालाही एकच. हे गणित राउसला कळलं नाही, की कळूनही त्याने मनावर घेतलं नाही, यावर मी बराच विचार केला. मला दुसरंच जास्त खरं वाटतं.

त्याच्या पुढ्यात आलेली पहिली मोठी केस होती दक्षिण आफ्रिका. तिथे वर्णभेदाची राजवट. गोऱ्यांची फुटबॉल संघटना फिफाची सभासद. काळ्या, मिश्रवर्णीय आणि भारतीय वंशाच्या खेळाडूंच्या संघटनांनी मिळून १९५१ मध्ये वेगळा महासंघ काढला होता, पण फिफाच्या दारात त्याला जागा नव्हती. आफ्रिकेच्या महासंघाने मात्र १९५७ मध्ये, आपल्या अगदी पहिल्या स्पर्धेच्या वेळीच, हा प्रश्न निकालात काढला होता. दक्षिण आफ्रिका म्हणाली, टीम आणू, पण एक तर सगळे गोरे, नाहीतर सगळे काळे. महासंघ म्हणाला, मग येऊच नका. चार संस्थापक देशांपैकी एकाला बाहेर ठेवून उरलेले तिघे, म्हणजे इजिप्त, सुदान आणि इथिओपिया, खेळले.

राउस अध्यक्ष झाला त्याच सुमारास फिफाने गोऱ्यांच्या संघटनेला निलंबित केलं होतं. जानेवारी १९६३ मध्ये राउस स्वतः अमेरिकेच्या एका पदाधिकाऱ्याबरोबर पाहणीसाठी दक्षिण आफ्रिकेत गेला. परत येऊन त्यांनी मत दिलं ते असं, की भेदभाव सरकारच्या कायद्याने होतो, फुटबॉल संघटना तो मुद्दाम करत नाही. निलंबन उठलं. मग गोऱ्यांच्या संघटनेने आपली तोड पुढे केली: १९६६ च्या वर्ल्ड कपला गोरी टीम पाठवतो, १९७० ला काळी!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग माझीच लाज वाटली.

राउसचा युक्तिवाद त्याच्या बाजूने मांडून बघू. फिफा खेळ चालवते, सरकारं नाही. संघटनेला हाकललं तर तिथला उरलासुरला फुटबॉलही मरेल. वाईट कायद्याची शिक्षा खेळाडूंना का? वरवर बिनतोड वाटतं. पण ज्या खेळाडूंच्या नावाने हा युक्तिवाद चालला होता, त्यांच्यातल्या बहुसंख्यांना देशाच्या टीमचा दरवाजाच बंद होता. त्यांच्या संघटना बाहेर उभ्या राहून सांगत होत्या, आमची काळजी असेल तर यांना बाहेर काढा. राउसला त्या संघटना राजकारणी वाटल्या आणि गोऱ्यांची संघटना खेळाची वाटली. इथे मला काकांचं वाक्य आठवतं. गेटाबाहेर शिट्टी चालत नाही, कबूल. पण काका रेफ्री होते. राउस आता अध्यक्ष होता, आणि गेटातून कोणाला आत सोडायचं हे ठरवणं हेच त्याचं काम होतं.

ऑक्टोबर १९६४ मध्ये टोकियोला फिफाची काँग्रेस भरली. आफ्रिका-आशियाच्या मतांनी दक्षिण आफ्रिका पुन्हा निलंबित झाली. अध्यक्षांचा कल एकीकडे आणि सभागृह दुसरीकडे.

तोवर दुसरी ठिणगी पडली होती. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये सोळा जागा. दहा युरोपला, चार दक्षिण अमेरिकेला, एक उत्तर-मध्य अमेरिकेला. आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या सगळ्यांना मिळून एक. घानाचे ओहेने जान फिफाच्या कार्यकारिणीत होते. त्यांनी तारेने निषेध कळवला. घानाची टीम तेव्हा आफ्रिकेची विजेती होती आणि तिच्या पाठीशी खुद्द राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा. इथिओपियाचे तेस्सेमा यिदनेकाचेव यांनी बाजू लावून धरली. फिफा हलली नाही, तेव्हा आफ्रिकेचे पंधराच्या पंधरा संघ बाहेर पडले. वर्ल्ड कपच्या इतिहासात अख्ख्या खंडाने बहिष्कार टाकला तो हा एकदाच. रिकाम्या झालेल्या त्या वाटेने उत्तर कोरिया आत शिरला आणि मिडल्सबरोत त्याने इटलीला १-० ने घरी पाठवलं, ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ती वाट रिकामी का होती, हे फारसं कुणी सांगत नाही. १९७० पासून आफ्रिकेला हक्काची एक जागा मिळाली. बहिष्काराने मिळाली.

त्याच वर्ल्ड कपमध्ये दक्षिण अमेरिकाही दुखावली, आणि तीही रेफरींवरून! २३ जुलै १९६६, क्वार्टर फायनल. इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना, रेफरी पश्चिम जर्मनीचा. पश्चिम जर्मनी विरुद्ध उरुग्वे, रेफरी इंग्लंडचा. हे ऐकल्यावर पेठेतल्या शाळकरी पोरानेसुद्धा डोळे बारीक केले असते. वेम्बलीवर अर्जेंटिनाचा कॅप्टन रातिन पहिल्या हाफमध्येच बाहेर. त्याला जर्मन येत नव्हतं, रेफरीला स्पॅनिश. तो दुभाषा मागत कित्येक मिनिटं हटेना. तिकडे शेफिल्डला उरुग्वेचे दोघे बाहेर, जर्मनी ४-०. राउसने हे घडवून आणलं, असं मी म्हणणार नाही. पण इतकी वर्षं रेफरी राहिलेल्या माणसाला, निकाल बरोबर असून भागत नाही, तो बरोबर दिसावाही लागतो, हे त्या दिवशी सुचू नये? रातिनच्या त्या गोंधळातून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. रेफरींची व्यवस्था बघणारा केन ॲस्टन गाडीने परतताना सिग्नलला थांबला आणि त्याला पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली. १९७० पासून कार्डं आली. भाषेची अडचण संपली.

१९७३ चं प्रकरण थोडक्यात. चिलीत सप्टेंबरमध्ये लष्करी उठाव झाला. सान्तियागोच्या नॅशनल स्टेडियममध्ये हजारो माणसं डांबली, छळली, काहींना मारलं. त्याच स्टेडियममध्ये वर्ल्ड कपच्या पात्रतेची चिली-सोव्हिएत युनियन मॅच होती. सोव्हिएतांनी तिसऱ्या देशात खेळू म्हटलं. फिफाचे दोन प्रतिनिधी जाऊन आले आणि सगळं शांत आहे असं सांगितलं. सोव्हिएत गेलेच नाहीत. २१ नोव्हेंबरला चिलीचे अकरा खेळाडू उतरले, रेफरीने शिट्टी वाजवली, त्यांनी आपसात पास देत चेंडू रिकाम्या गोलमध्ये नेऊन ढकलला. समोर कुणी नाही. नियमाप्रमाणे सगळं बरोबर.

११ जून १९७४, फ्रँकफर्ट. वर्ल्ड कप दोन दिवसांवर. एकोणऐंशी वर्षांचा राउस अध्यक्षपदासाठी पुन्हा उभा. समोर ब्राझीलचा जोआव हावेलांज, जुना ऑलिंपिक जलतरणपटू. तो देशोदेशी फिरला होता, पेलेला सोबत घेऊन आफ्रिकेत गेला होता. वर्ल्ड कपमध्ये जास्त संघ, तरुणांची जागतिक स्पर्धा, गरीब देशांना मदत आणि दक्षिण आफ्रिकेला थारा नाही, एवढं त्याने कबूल केलं होतं. राउसने प्रचार असा केलाच नाही. माझं काम लोकांसमोर आहे, अशी त्याची भूमिका. पहिल्या फेरीत ६२-५६, दुसऱ्या फेरीत ६८-५२. राउस हरला. त्याला मानद अध्यक्ष केलं. १९७८ मध्ये त्याने 'फुटबॉल वर्ल्ड्स' नावाचं आत्मचरित्र लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे चांगला माणूस आला आणि वाईट गेला. तेवढं सोपं असतं तर मी हा भाग केला नसता. हावेलांजने शब्द पाळले. १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिका फिफातून बाहेर गेली. १९८२ पासून वर्ल्ड कपमध्ये चोवीस संघ आले. पण त्याच माणसाने मार्केटिंग कंपनीकडून लाच घेतल्याची कागदपत्रं २०१२ मध्ये उघड झाली आणि २०१३ मध्ये त्याला मानद अध्यक्षपद सोडावं लागलं. राउसवर पैशाचा असा डाग नाही. पण आफ्रिकेच्या ज्या देशांनी फ्रँकफर्टला मत दिलं, त्यांनी चूक केली असं मला आजही म्हणवत नाही. त्यांनी प्रामाणिक माणसाला पाडलं, कारण त्या प्रामाणिक माणसाच्या नियमात त्यांना जागा नव्हती. हे मला गिळायला जड जातं, म्हणून तर तुम्हाला सांगतोय.

राउस वारला १८ जुलै १९८६ ला, लंडनमध्ये, एक्क्याण्णव वर्षांचा होऊन. मेक्सिकोतला वर्ल्ड कप संपून तीन आठवडेही झाले नव्हते. तिथे चोवीस संघ होते, आणि मोरोक्को आपल्या गटात इंग्लंडच्याही वर पहिला आला होता. २२ जूनच्या क्वार्टर फायनलला पुन्हा इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. मॅराडोनाने हाताने गोल केला, तीच मॅच. रेफरी होता ट्युनिशियाचा अली बिन नासर, आफ्रिकेचा माणूस. तो कर्णावर होता, राउसने आखलेल्या जागी. त्याला हात दिसला नाही. त्याने पलीकडच्या रेषेवरच्या बल्गेरियन लाइन्समनकडे बघितलं. लाइन्समन झेंडा खाली ठेवून मध्यरेषेकडे धावत निघाला होता.